घडा त्यानेच बदलला

मोहाडीत तहसील कचेरीजवळ एक सेवा केंद्र आहे, तिथे मी बसते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची केवायसी, धान विकायची ऑनलाइन नोंदणी, सगळं माझ्याच हातून जातं. मराठी टायपिंगचा हात असा बसलाय की समोरची बाई गावाचं नाव सांगेपर्यंत अर्जाचं अर्धं पान भरून होतं. आणि सर्व्हर बंद पडला की मी कादंबरी लिहिते. सर्व्हर रोजच बंद पडतो, म्हणून आजवर तीन झाल्या. मोबाइलवर गोष्टी वाचायचं एक अॅप आहे, त्यावर एकेक भाग टाकते.

प्रेमकथाच लिहिते. मुसलमान पोरापोरींच्या, आणि मराठीत.

शाळेत असताना हाती लागेल ती मराठी कादंबरी मी वाचायची. मुसलमान माणूस तिथे क्वचितच भेटायचा. भेटला तर टांगा हाकायचा, अत्तर विकायचा, नाहीतर मित्रासाठी जीव देऊन मोकळा व्हायचा. प्रेम करायला त्याला कोणी वेळच दिला नव्हता. दुसरीकडे माझी नानी. ती कामठीची. भाजी निवडता निवडता ती जुन्या आशिकांच्या गोष्टी सांगायची. कोणी वाळवंटात वेडा होऊन भटकला, कोणी डोंगर फोडला, कोणी नदीत बुडून मेली. गोष्ट संपली की नानी नाक पुसायची आणि म्हणायची, "सच्चा इश्क ऐसाच होता है." मला मात्र त्या पोरींचा राग यायचा. सगळ्या मरायच्याच काय?

नानी गेल्यावर मी त्या गोष्टी इकडे आणल्या. वाळवंटाच्या जागी उन्हाळ्यात कोरडं पडलेलं वैनगंगेचं पात्र घेतलं. डोंगर फोडणारा माझ्या कादंबरीत तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत डंपर चालवायचा. नायिका पहाटे फजरची नमाज पढायची आणि सातच्या एसटीने भंडाऱ्याला डी.एड.ला जायची. एकीलाही मी मारलं नाही.

वाचणाऱ्या बहुतेक बाया होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हिंदू. आमच्या केंद्रासमोर किराणा दुकान आहे. तिथल्या काकू नवा भाग आला की गल्ल्यावर बसूनच वाचायच्या आणि रस्ता ओलांडून भांडायला यायच्या. "काहून वो, तिले एवढं तरसवून राहिली? देऊन टाक ना तिले तो पोरगा!"

घरी अम्मीला माहीत होतं. अब्बांना एवढंच माहीत होतं की मी काहीतरी लिहिते. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, जळालेल्या कॉइल काढून नव्या भरतात. बोलणं कमी. "लिखती है तो अच्छा है," असं एकदा म्हणाले होते.

मग रिश्ता आला. मुलगा एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा. उंच, स्वच्छ कपड्यांचा, शिकलाही मराठी शाळेत, त्यामुळे मराठी माझ्याइतकंच चांगलं. त्याला एक सवय होती. कोणतंही वाक्य सुरू करायच्या आधी तो म्हणायचा, "प्रामाणिकपणे सांगायचं तर." चहा गोड आहे, हे सांगतानाही प्रामाणिकपणे. मंगनी झाली. नंतरचे चार महिने आम्ही रोज फोनवर बोलायचो. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं की मी कादंबऱ्या लिहिते, आणि लिंक पाठवली. दोन दिवसांत त्याने पहिली वाचून काढली. मग दुसरी. त्याचे आवाजी मेसेज यायचे, लांबलचक. हा संवाद बदल, तो प्रसंग वाढव. दुसऱ्या कादंबरीत नदीच्या रेतीत नायिका आणि नायक निकाहच्या आधी एकदाच भेटतात. मी त्यांना चार हात दूर ठेवलं होतं. तो म्हणाला, "प्रामाणिकपणे सांगायचं तर, इथे तिने स्वतःहून त्याचा हात धरून गालाला लावायला हवा. आणि म्हणावं, कबूल आहे." मला सुचलं नव्हतं. मी तसं लिहिलं. त्या भागावर सर्वांत जास्त बायका रडल्या. मी खूश झाले. वाटलं, नानीच्या एकाही नायिकेला मिळाला नाही असा माणूस मला मिळाला.

निकाहला महिना उरला असताना एका रविवारी दुपारी ते लोक आले. तो, त्याचा मोठा भाऊ आणि बिरादरीतले दोन बुजुर्ग. कोणीतरी त्याच्या अम्मीला माझ्या कादंबरीतल्या पानांचे फोटो पाठवले होते. मी सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तेवढ्यात भावाने आवाज चढवला.

"आम्ही शरीफ घर बघून आलो होतो. पोरगी इश्काचे किस्से लिहून गावाला वाचायला देते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही." मग त्याने लहान भावाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्रामाणिकपणे सांगायचं तर, मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

एका बुजुर्गाने विचारलं, असं लिहिलंय तरी काय? लहान भावानेच खिशातून मोबाइल काढला आणि वाचायला लागला. नदीचं पात्र. रेती. तिने त्याचा हात गालाला लावला. कबूल आहे. त्याने सांगितलेलाच प्रसंग होता तो. माझ्या अब्बांसमोर तो शेवटपर्यंत वाचला, मास्तर धडा वाचतो तसा, एकेक शब्द स्पष्ट. अब्बा सतरंजीवर बसले होते. त्यांची नजर स्वतःच्या हातावर होती. हातावरच्या काळ्या वार्निशचे डाग ते नखाने खरवडत होते.

मी ट्रे खाली ठेवला आणि बाहेर आले. "तुम्ही हे वाचलेलं आहे. हा प्रसंग तुम्हीच सांगितलेला आहे."

"पुरावा?" तो म्हणाला.

पुरावा माझ्या हातातल्या फोनमध्ये होता. चार महिन्यांचे शेकडो मेसेज. पण लग्न ठरलेली माणसं जे बोलतात तेही त्यातच होतं, आणि कोणता मेसेज लावला तर त्यातून काय बाहेर पडेल याची मला त्या घडीला खात्री नव्हती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. अब्बांसमोर मी तो फोन लावणार नाही, या भरवशावरच तो बोलला होता. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे कबूल केलं, असा त्यांनी अर्थ घेतला. अंगठी परत घेऊन ते गेले.

त्यानंतर बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बघावं तिथे माझीच गोष्ट. ते मी सोसलं असतं. पण अब्बा शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला आमच्या मशिदीत जायचं सोडून सायकलवर पुढच्या गावी जायला लागले. मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर कदाचित मी त्याला माफही केलं असतं.

मी माफ केलं नाही. मी तिसरी कादंबरी लिहायला घेतली.

नानीच्या गोष्टींत एक गोष्ट होती. एक लग्न झालेली मुलगी मातीच्या भाजलेल्या घड्याच्या आधाराने नदी ओलांडून प्रियकराला भेटायला जायची. तिच्या नणंदेला ते कळतं. ती घडा बदलून तिथे कच्चा घडा ठेवते. भर नदीत घडा विरघळतो आणि मुलगी बुडते. नानी दर वेळी त्या नणंदेला शिव्या घालायची. मी विचार केला, नणंदेने कशाला? घडा त्यानेच बदलला असेल तर? पलीकडच्या काठावर बसून वाट बघणाऱ्या त्या आशिकानेच?

माझ्या कादंबरीत तो मास्तर होता. उंच, स्वच्छ कपड्यांचा. प्रत्येक वाक्याआधी "प्रामाणिकपणे सांगायचं तर" म्हणायचा. बिस्किट चहात बुडवून बरोबर तीन आकडे मोजायचा, तेही मी घातलं. मी फोन कानाला लावून त्याचे मेसेज ऐकायची आणि शब्द न शब्द उतरवायची. नायिकेला तो म्हणतो, "घडा मी स्वतः तपासून ठेवलाय, तू निर्धास्त ये." नदीच्या मध्यावर घडा तिच्या हातात चिखल होतो. फक्त माझी नायिका पोहणारी होती. ती पलीकडे निघते तेव्हा काठावर गाव जमलेलं असतं आणि तो लोकांना सांगत असतो की मी हिला ओळखत नाही.

त्याला मी मारलं नाही. मेलेल्या आशिकाची मजार होते, तिच्यावर चादर चढते, बाया मन्नत मागतात. तो मान मला त्याला द्यायचा नव्हता. मी त्याला जिवंत ठेवलं आणि भागामागून भाग त्याच्या मागे लागले. तो चहा प्यायला बसला की टपरीवाला हसायचा. तो शिकवायला उभा राहिला की खडू मोडायचा. लिहिताना माझी बोटं कधी इतकी जलद चालली नव्हती. सर्व्हर सुरू झाला तरी मी बायांना म्हणायची, "दोन मिनिटं थांबा, मावशी."

नाव कुठेच नव्हतं, गावही नव्हतं. पण जिल्हा लहान आहे. काही आठवड्यांत त्याच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने ती कादंबरी वाचली, मग सगळ्या स्टाफने. मग पोरांनी. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "प्रामाणिकपणे सांगायचं तर!"

मग त्याचा फोन आला.

"ते काढून टाक."

"काय काढून टाकू?"

"तुला माहीत आहे. माझी नोकरी आहे, इज्जत आहे."

"माझ्या अब्बांनाही होती," मी म्हणाले. "तुम्ही मोहाडीला या. त्याच दोन बुजुर्गांसमोर अब्बांना सांगा, की तुम्ही वाचलं होतं. त्याच दिवशी काढते."

तो म्हणाला, "तू इतकी वाईट असशील असं वाटलं नव्हतं." आणि फोन ठेवला. तो आला नाही. मी आणखी भाग लिहिले.

त्याच सुमारास एका मुलीचा मला अॅपवर मेसेज आला. गोंदियाकडची होती. आधी तिने कादंबरीचं कौतुक केलं, मग लिहिलं, "आपा, राग येऊ देऊ नका. हा मास्तर खरा आहे का? माझा रिश्ता एका मास्तरांशी पक्का होतोय. ते अगदी असंच बोलतात. बिस्किटसुद्धा."

तो मेसेज मी दिवसभरात किती वेळा वाचला असेन! अंगठा लागत नाही म्हणून बाया मशीनवर बोटं घासत होत्या, धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलाने त्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्या जातात. आणि मी हसत होते. काकूंनी विचारलंही, "लॉटरी लागली का वो तुले?" तीन दिवस मी त्या मुलीला उत्तर दिलं नाही. विचार करत होते असं नाही. ते तीन दिवस मी जवळ ठेवून घेतले, इतकंच. चौथ्या दिवशी शेकडो मेसेज ऐकून एक निवडला, ज्यात लाडाचं काही नव्हतं. हात गालाला लावायला हवा, हे सांगणारा. तो तिला पाठवला आणि त्या रविवारी काय झालं ते लिहिलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. घालायची गरजच नव्हती.

तिने तो आवाज आपल्या वडिलांना ऐकवला. माणूस सरळ असावा. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, आधी त्या घरी जाऊन चारचौघांत माफी मागून या, मग पुढचं बोलू.

तो बाजाराच्या दिवशी आला. आधी अब्बांच्या दुकानावर गेला. अब्बा कॉइल भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मुझे मत बता. उसको बता. और लोगों के सामने बता." अब्बांनी या प्रकरणात काढलेले हे पहिले शब्द.

मग तो केंद्रात आला. आत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, केवायसीची शेवटची तारीख जवळ आली होती. तो थेट टेबलाशी येऊन म्हणाला, "मला तुझ्याशी दोन मिनिटं बोलायचं आहे."

"नंबर घ्या," मी म्हणाले. "तुमच्या आधी अकरा जणी आहेत."

"मी अर्ज भरायला आलो नाही."

"इथे सगळ्यांना नंबरानेच घेतात."

तो रांगेत उभा राहिला. बसायला जागा नव्हती. मी एकेक अर्ज इतका नीट भरला की काय सांगू. प्रत्येकीला तिचं नाव दोनदा वाचून दाखवलं. एका आजीचा अंगठा येत नव्हता तर तिला हात धुवायला पाठवलं, टॉवेल दिला, परत घेतला. मध्ये सर्व्हर बंद पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो बंद पडल्याचा आनंद झाला आणि मी एक ओळही लिहिली नाही, नुसती बसून राहिले. त्याच्या शर्टाची पाठ घामाने ओली झाली. तोवर काकू दुकान सोडून दारात येऊन उभ्या होत्या.

त्याचा नंबर आला.

"बोला."

त्याने घसा साफ केला. "प्रामाणिकपणे सांगायचं तर..."

मागून एक बाई फसकन हसली. "अगं माय, हाच होय तो? घडेवाला?" आणि मग सगळ्याच हसल्या. त्यातल्या निम्म्यांनी कादंबरी वाचली नव्हती, काकूंकडून ऐकली होती. तो लाल झाला, पण बोलला. "मी ते सगळं वाचलं होतं. मला माहीत होतं. तो प्रसंग मीच सुचवला होता. मी खोटं बोललो. मी माफी मागतो."

या क्षणाची मी वर्षभर वाट बघितली होती. पण बोलताना त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. तो अंग जरा तिरकं करून, छाती पुढे काढून उभा होता. मला कळेना. कळलं काकूंना. "वो पोरी, याच्या खिशात पाह्य! फोन चालू ठेवून शूटिंग करून रायला हा!"

शर्टाच्या खिशातून मोबाइलचा डोळा बाहेर डोकावत होता. मुलीच्या वडिलांना दाखवायला माफीचा व्हिडिओ लागणार होता.

"झालं तुमचं काम?" मी विचारलं.

त्याने फोन काढून बंद केला. आवाज खाली आणून म्हणाला, "आता तरी ते काढशील ना?"

"मी म्हटलं होतं, त्याच बुजुर्गांसमोर, अब्बांना. इथे ना बुजुर्ग आहेत, ना अब्बा. पुढे चला, मागे बाया खोळंबल्या आहेत."

आठवड्याने त्या मुलीचा मेसेज आला. "आपा, त्यांनी व्हिडिओ दाखवला. अब्बू म्हणतात, चूक मान्य करणारा माणूस वाईट नसतो. अम्मी म्हणते तुझी मर्जी. तुम्ही सांगा. ते बदलले का? तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणते."

हो म्हणणं अवघड नव्हतं. माणसं बदलतात, कादंबरीत तर मी कितीतरी बदलली होती. कदाचित त्या अकरा जणींच्या मागे उभं राहून त्यालाही काही समजलं असेल. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही एवढंच मी तिला लिहू शकत होते. मी लिहिलं, "व्हिडिओत तो स्वतः दिसतोय का बघ. दिसणार नाही, कारण फोन त्याच्या खिशात चालू होता. तो माझ्याशी बोलत नव्हता, तुझ्या अब्बूंशी बोलत होता." हे खरंच होतं. पण लिहिताना जिभेवर गोड चव आली, तीही खरीच होती.

रिश्ता मोडला. मुलीने एकच ओळ पाठवली. "आपा, तुम्ही बरोबर होतात, पण आता तुमची गोष्ट माझ्याने वाचवत नाही." मी दोनतीनदा तिला लिहिलं. तिने उत्तर दिलं नाही. पुढे वाचकांच्या यादीतून तिचं नावही गेलं. तिचं वाईट वाटतं. त्याचं वाटत नाही.

त्या माफीनंतर अब्बा परत आमच्या मशिदीत जायला लागले, हे सांगायचं राहिलं. एका सकाळी ते चष्मा लावून मोबाइल डोळ्यांशी धरून बसलेले दिसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, मराठी सावकाश वाचतात. त्यांना ती कादंबरी पुरी करायला महिना लागला असेल. मी नापास होणाऱ्या पोरीसारखी उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उस लडकी को तैरना किसने सिखाया, वो तूने लिखाच नहीं." मी म्हटलं, लिहिते.

लोक विचारतात, बदला घेऊन बरं वाटलं का. वाटलं. नानीच्या गोष्टींतल्या एकीलाही ते वाटायला मिळालं नाही, कारण तोवर त्या मेलेल्या असायच्या.

तो बदली घेऊन दूर गेला, लग्नही झालं म्हणे. बायको शिकलेली आहे, मराठी वाचते असं काकूंना कुठून तरी कळलंय. मी तिला शोधलेलं नाही आणि शोधणार नाही. कादंबरी आहे तिथेच आहे, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत, कोणीही वाचावी.